बांधावरचे बूट

त्या दिवशी सकाळी दव इतकं पडलं होतं की कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. मार्गशीर्ष सरत आला होता. खाडीवर धुकं होतं, पण ते आठच्या आत विरलं आणि असं लख्ख ऊन पडलं की मिठागरातला माणूस आभाळाकडे बघून नुसता हसत बसेल. वारा पडलेला. ढग औषधाला नाही. अवस होती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला खाडीला उधाण येणार हे ठरलेलं.

हे सगळं आधी का सांगतोय? कारण त्या दिवशी माझी जी शोभा झाली, त्यात उन्हाचा, खाडीचा, उधाणाचा कुणाचाही दोष नव्हता. उधाणाचा थोडा होता. पण थोडाच. बाकी सगळा माझा.

मी हळू माणूस. बोलतो हळू, चालतो हळू, जेवायला बसलो की माझ्यानंतर बसलेले हात धुऊन येतात. तेव्हा तुमचा चहा पिऊन घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

तर तेव्हा मी मिठागरात कामाला होतो. भाईंदर पूर्वेला आता जेसल पार्क आहे ना, त्या अंगाला तेव्हा इमारत म्हणाल तर एक नव्हती. वाफ्यामागून वाफा, वाफ्यांच्या मधून मातीचे बांध, आणि पलीकडे खाडी. पावसाळा सरला की वाफ्यातलं पाणी काढायचं, गाळ सारखा करायचा, आणि दहा-बारा जणांनी एका ओळीत उभं राहून तो तळ पायांनी तुडवायचा. टाच, चवडा, टाच, चवडा. दिवसचे दिवस. तळ असा गुळगुळीत झाला पाहिजे की मिठाला मातीचा कण लागता कामा नये. त्या तळावर चप्पल घालून पाय ठेवायचा नाही. असं कुणी कुणाला शिकवलेलं नाही हो! बांधावर आलं की चप्पल आपोआप निघते. देवळाच्या पायरीशी निघते तशी.

या मिठागरात एक वाफा बरीच वर्षं पडीक होता. उन्हानं तापून त्याचा तळ विटेसारखा टणक झालेला. तिथं आम्ही दर रविवारी फुटबॉल खेळायचो.

हसू नका! फुटबॉल आमच्याकडे दत्तूनं आणला. दत्तू आमच्याच आळीतला, पण मुंबईला एका कारखान्यात कामाला. तिथल्या लोकांनी टाकून दिलेला, चार ठिकाणी शिवलेला चेंडू तो घेऊन आला आणि त्या दिवसापासून आमचा कप्तान झाला. चेंडू ज्याचा, कप्तान तो. याला दुसरा काही नियम नाही.

आणि मी? मी चेंडू आणायचो.

म्हणजे असं की, चेंडू बांधावरून उडून खाडीच्या चिखलात पडला की बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि दत्तू ओरडायचा, "नाम्या, गेला रे!" मग मी लेंगा खोचून निघायचो. चिखलात चालावं ते मीच. बोटं फाकवून पाय टाकायचा, टाच आधी उचलायची, घाई करायची नाही. तीन वर्षं मी चेंडू आणला. कधी म्हणालो, "दत्तू, एकदा मला पण खेळव की," तर तो म्हणायचा, "नाम्या, चिखलात तू राजा आहेस. राजानं जमिनीवर कशाला यायचं?"

गोड बोलून नाही म्हणायची कला त्याच्याकडे होती.

आता आमचे वैरी म्हणजे वरसाव्याचे. दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी ते घोडबंदरच्या रस्त्यानं आणि मग बांधाबांधानं चालत आमच्याकडे यायचे आणि आम्हाला हरवून, आमचाच चहा पिऊन परत जायचे. त्यांच्यात चौघांकडे बूट होते. आमचे सगळे अनवाणी. बुटानं आमच्या बोटांवर पाय दिला की आमचा माणूस जो खाली बसायचा, तो गोल झाल्यावरच उठायचा. गेल्या वर्षी तर खुद्द दत्तूच्या अंगठ्याचं नख गेलं.

तेव्हा दत्तूनं सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, "आपल्यात एकाकडे तरी बूट पाहिजेत. एक जोडी दिसली ना, तरी त्यांची छाती धडधडेल. जो बूट आणेल त्याला मी पुढं खेळवतो."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी विचार करत होतो. विचार संपला तेव्हा बैठक उठली होती आणि दत्तू घरी जेवायला बसला होता. मी त्याच्या दारात जाऊन म्हणालो, "मी आणतो."

"काय आणतोस?"

"बूट."

त्यानं घास खाली ठेवला. "नाम्या, तू बूट निवडून आणेपर्यंत माझी पोरं खेळायला लागतील. पण आण. पुढं उभा करतो तुला. शब्द! फक्त एक सांगून ठेवतो. तू पुढं असताना हरलो, तर जन्मभर चेंडू आणायचा. परत खेळायचं नाव काढायचं नाही."

"कबूल," मी म्हणालो.

"आणि हे बघ, दुकानदार विचारेल मैदान कसं आहे. बूट मैदान बघून घ्यायचा असतो. नीट सांग त्याला."

हे जे शेवटचं वाक्य तो बोलला ना, तिथं घोटाळ्याची मुळी रुजली.

कारण मी रात्रभर विचार केला. मैदान कसं आहे ते मी मुंबईच्या दुकानदाराला सांगणार कसं? माझं मराठी त्याला कळायचं नाही, त्याचं हिंदी मला पुरतं यायचं नाही. आणि जिन्नस समोर ठेवता येत असताना त्याचं वर्णन का करायचं? सकाळी उठून मी सरळ वाफ्यावर गेलो, तिथला चांगला ढेकूळभर गाळ खणून काढला आणि जेवणाच्या डब्यात भरला.

मैदानच बरोबर घेतलं!

पण गाळ वाळू द्यायचा नाही, ही मिठागरातल्या माणसाची सवय. वाळला की भेगाळतो. म्हणून मी त्याच्यावर ओलं फडकं टाकलं. वाटेत दोनदा पाणी शिंपडलं. हाताला चाळा म्हणून जरा मळला पण. दुकानात पोचेपर्यंत आमचं विटेसारखं मैदान पुरणासारखं मऊ झालं होतं. हे माझ्या ध्यानात आलं का? नाही आलं.

निघताना शेजारच्या जानकीवयनींनी अडवलं. जानकीवयनी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत. नवरा होडीवर, आणि ही सुकी मासळी विकायची. तिच्या तोंडाला आळीतले कोंबडेपण भ्यायचे. मनानं मात्र सोन्याची.

"डबा घेऊन कुठं रं?"

"बूट आणायला चाललोय, वयनी."

तिनं माझ्या पायांकडे बघितलं. "तुझ्या पायाला बूट? अरे, चिखल तुडवून तुडवून सुपासारखा पसरलाय तो. ह्या पायाला बूट न्हाय, होडी लागंल!"

मुंबईच्या जुन्या बाजारात एका गल्लीत नुसते वापरलेले बूट. एका बोळकंडीएवढ्या दुकानात एक म्हातारे चाचा बसले होते, डोळ्यांवर जाड चष्मा.

"चाचा, फुटबॉलचे बूट."

"किसके लिए?"

"मेरे लिए."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग वरपासून खालपर्यंत. "मैदान कैसा है?"

दत्तू म्हणाला होता तसंच! मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

"खाना बाद में खाओ, भाई."

"खाना नहीं, चाचा. मैदान है."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि डब्यात बघितलं. शेजारचा दुकानदार उठून आला. मग त्याच्या शेजारचा.

मी काही गडबडलो नाही. गाळ काढून फळीवर थापला, हातानं सारखा केला आणि म्हणालो, "अब बूट दिखाओ."

पहिला जोड कॅनव्हासचा, सपाट तळाचा. गाळावर दाबला. डाग पडला, रुतला नाही. बाजूला ठेवला. दुसरा रबरी, तळाला बारीक बारीक उंचवटे. तो दाबला, बोटाच्या पेराएवढा पण आत गेला नाही. बाजूला ठेवला. तिसरा काढला, तपकिरी चामड्याचा, तळाला सहा सहा लांब खुंट्या. तो ठेवला मात्र, सरळ आत! तळव्यापर्यंत! काढताना 'पच्च' असा आवाज झाला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"ये," मी म्हणालो.

"अरे भाई, ये गीली घास के लिए है. तुम्हारा मैदान सूखा है कि गीला?"

मी विचार केला. खोटं सांगायचं नाही. "ऊपर से सूखा. नीचे से गीला."

"तो खेलोगे ऊपर कि नीचे?"

आता हा प्रश्न तुम्हाला सोपा वाटेल. मला वाटला नाही. मी बाकड्यावर बसलो. मिठागरात वरचं कधी खरं धरायचं नाही, खालची ओल बघायची, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मी विचार करत होतो तेवढ्यात चाचांनी तीन गिऱ्हाइकं केली आणि चहा मागवला. मलाही दिला. चहा संपल्यावर मी म्हणालो, "नीचे का भी देखना पडता है, चाचा."

चाचांनी हात जोडले.

मग मापाचा प्रश्न. सहा नंबरात टाच बसे, पण बोटं बाहेर राहत. सातात तेच. आठात तेच. नवात बोटं शिरली, पण पुढं दोन बोटं जागा मोकळी. चाचा म्हणाले, पुढे कपडा कोंबा. मी म्हणालो, काथ्या कोंबतो, आमच्याकडे पुष्कळ. सकाळी गेलेला मी दिवेलागणीला तिथून उठलो. वीस पावलं गेलो असेन, मागून हाक आली.

"ओ भाई! अपना मैदान तो ले जाओ!"

सगळी गल्ली हसत होती. मी परत गेलो, मैदान डब्यात भरलं आणि घरी आलो.

नवं कातडं चावतं म्हणतात, आणि माझ्या पायाला तर जुनंही नवंच. सवय करावी म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, मी बूट घालून अंगणात फेऱ्या मारल्या. आमचं आणि वयनींचं अंगण एकच, मध्ये कुंपण नाही. वयनींनी आदल्या संध्याकाळीच सगळं शेणानं सारवलेलं. मऊशार. त्यावर चालायला काय बरं वाटत होतं! पन्नास-साठ फेऱ्या मारल्या. मग बूट काढून घरात गेलो आणि तांदळाची पेज घेऊन बसलो.

बाहेर आरडाओरडा सुरू झाला.

"अगो बाय माझे! आंगणात जनावर फिरलंय!"

वयनींच्या आवाजानं आळी जमली. अंगणभर सहा सहा भोकांचे ठसे. कुणी म्हणालं कोल्हा. कुणी म्हणालं कोल्ह्याला सहा बोटं कुठली, रानडुक्कर असेल, घोडबंदरच्या डोंगरातून उतरलं असेल. एक म्हातारा तर बसून ठसे हुंगायला लागला. "दोन पायांवर चालणारं हाय," तो म्हणाला, आणि बायांनी पोरं घरात ओढली.

मी पेजेची वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि खरं सांगायला बाहेर आलो. पण मी बोलायला तोंड उघडेपर्यंत चौघं काठ्या घेऊन आले होते, दोघं खाडीच्या वाटेला लागले होते आणि वयनी कोंबड्या मोजत होती.

"वयनी," मी म्हणालो, "कोंबड्या सगळ्या आहेत. ते जनावर पेज पितंय."

मग काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की सगळं अंगण मी माझ्या हातानं सारवलं आणि जानकीवयनी कंबरेवर हात ठेवून उभी होती. सारवण संपल्यावर तिनं मला तुळशीपुढे उभं केलं.

"शपथ घे. ह्ये पायात घालून परत सारवल्या जागंवर, तुडवल्या जागंवर, गुळगुळीत जागंवर पाय ठेवणार न्हाय."

"नाही ठेवणार, वयनी."

"म्हण."

म्हटलं. तीनदा म्हटलं. आणि मी एकदा काही मनावर घेतलं की ते खोल जातं, सावकाश जातं, पण निघत नाही.

आता या मूळ दिवसावर. दव, ऊन, अवस. सांगितलं ना?

दहा वाजता वरसाव्याचे आले. त्यांचा कप्तान काशिनाथ, अंगानं आडवा, मिशा अशा भरदार. सगळं गाव बांधावर जमलेलं. जानकीवयनी पुढेच, सुपात भाजलेले चणे घेऊन. मी घरापासून बूट घालून निघालो होतो. आळीतून टक टक आवाज करत आलो. लोक वळून वळून बघत होते. काशिनाथ माझ्या बुटांकडे बघून आपल्या माणसाच्या कानाशी लागला, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दत्तूनं माझ्या पाठीवर थाप मारली. "नाम्या, आज तू नुसता पुढं उभा राहा. बूट दिसले पाहिजेत!"

आणि तो चेंडूत हवा भरायला गेला.

मी बांधावर आलो. वाफ्यात उतरायचं होतं. मी खाली बसलो. नाडी सोडली. उजवा बूट काढला. डावा बूट काढला. दोन्ही शेजारी शेजारी नीट लावून ठेवले, टोकं खाडीकडे करून. आणि उतरलो.

मला काही वेगळं केलं असं वाटलंच नाही. आईची आण!

शिट्टी झाली. मी पुढं जाऊन उभा राहिलो. काशिनाथनं माझे उघडे पाय बघितले. मग बांधावरचे बूट बघितले. मग परत माझे पाय. त्याचा चेहरा बदलला.

"अरे," तो आपल्या माणसांना हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, "ह्यानं बूट मुद्दाम काढून ठेवल्यात. आपल्याला बुटाशिवाय हरवतो म्हनतोय. लय पोचलेला गडी हाय ह्यो! धोंडू, बाळ्या, तुमी दोघं ह्याला सोडायचं न्हाय. मी पन थांबतो."

मला वाटलं, तो आणखी कुणाबद्दल बोलतोय.

तिघं माझ्याभोवती उभे राहिले. एक पुढे, एक मागे, एक कडेला. मी म्हटलं, पाहुणे माणसं आहेत, गप्प कसं राहायचं? "भात कसं झालं यंदा तुमच्याकडं?" मी विचारलं.

"बोलू नको त्याच्याशी!" काशिनाथ ओरडला. "बोलन्यात गुतवतोय!"

मी गप्प उभा राहिलो. तेही उभे राहिले. मी पोटरी खाजवायला वाकलो, तर तिघांनी एकदम उड्या मारल्या. मला तहान लागली म्हणून बांधाकडे गेलो, तर तिघं माझ्या मागून बांधाकडे. मी तांब्या तोंडाला लावला, ते बघत उभे. मी त्यांना विचारलं, "घेणार का?" धोंडूला तहान लागली होती बिचाऱ्याला. त्यानं घेतलं. काशिनाथनं त्याला असली शिवी हासडली!

आणि इकडे काय झालं? त्यांचे तिघं माझ्यापाशी, म्हणजे दत्तूला मैदान मोकळं! पहिला गोल झाला. बांधावरून आरोळी उठली. मी मागे वळून बघितलं, तर काशिनाथ म्हणाला, "बघू नका तिकडं! ह्याच्यावर नजर ठेवा!" दुसरा गोल झाला. चेंडूला माझा पाय एकदाही लागला नव्हता. पण चेंडू आणायला जावं लागलं नाही, यातच मी खूष.

अर्धा खेळ झाला. दोन-शून्य! वरसाव्याच्या विरुद्ध! दत्तू धावत आला आणि मला मिठी मारली. "नाम्या, तिघं बांधून ठेवलेस! कसं केलंस रे?"

"काही नाही केलं," मी खरं सांगितलं.

मग त्याची नजर खाली गेली. "बूट?"

मी पण खाली बघितलं. माझेच पाय. आईनं जन्माला घातले तसे.

"बांधावर," मी म्हणालो.

"का?"

"वाफा आहे ना."

दत्तूनं माझ्याकडे बघितलं. मग बुटांकडे. मग लांब बसून कुजबुजणाऱ्या वरसाव्याच्या लोकांकडे. दत्तूची अक्कल माझ्यापेक्षा फार जोरात पळते. त्यानं माझा दंड धरला.

"नाम्या, ऐक. त्या बुटांना आता हात लावायचा नाही. बघायचं पण नाही त्यांच्याकडे. होतास तसा उभा राहा. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

कळलं होतं हो! पण तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मुंबईपर्यंत मैदान नेऊन निवडलेले बूट. पायाला फोड आले. अंगण सारवलं. तीन वर्षं चेंडू आणला. आणि खेळाच्या दिवशी बूट बसलेत बांधावर! लोक म्हणणार, नाम्या पुढं होता. मी स्वतःला काय सांगणार? उभा होतो म्हणून?

सगळे वयनींचे चणे खाण्यात गुंतले होते. मी हळूच जाऊन बसलो आणि बूट चढवले. तुळशीपुढची शपथ आठवली. म्हटलं, हा वाफा पडीक आहे. पडीक वाफा गुळगुळीत असला तरी चालतो. तुळशीला कळेल.

शिट्टी झाली. मी उतरलो.

पहिलं पाऊल टाकलं आणि कळलं की डब्यातलं मैदान वेगळं आणि हे वेगळं. टणक तळावर त्या खुंट्या रुतायचं नावच घेईनात! खडखड करत मी असा चाललो, जसा कुणी गोट्यांवर चालतोय. दोन्ही हात पसरले, एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला. तोल सावरायला म्हणून काशिनाथलाच धरलं.

काशिनाथनं माझ्याकडे खालून वर बघितलं, चाचांनी बघितलं होतं अगदी तसंच.

"धोंडू," तो म्हणाला, "ह्याला चालता पन येत न्हाय रं."

आणि तिघंही मला सोडून गेले.

काय सांगू, इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. मिनिटात पहिला गोल. मग दुसरा. दोन-दोन. दत्तू ओरडत होता, "नाम्या, बाजूला हो! बाजूला तरी हो!" पण बाजूला व्हायलाही पाय ऐकायला हवेत ना?

एवढ्यात बारा वाजले. उधाण भरलं. खाडीच्या बाजूचा बांध जुना, त्यातून पाणी झिरपून वाफ्याचं ते टोक मऊ झालं. आणि नशीब बघा, चेंडू नेमका तिकडे आला. समोर गोल मोकळा. त्यांचा गोली पुढे येऊन फसलेला. चेंडू माझ्यापासून चार पावलांवर. सगळं गाव ओरडलं, "नाम्या!"

मी धावलो. आयुष्यात पहिल्यांदा धावलो. तीन पावलं छान पडली. चौथ्या पावलाला खुंट्या सरळ आत, तळव्यापर्यंत, दुकानात गेल्या होत्या तशा. बूट थांबला. मी थांबलो नाही. काथ्याच्या बोळ्यासकट पाय बाहेर आला आणि मी छातीवर पडलो, चेंडूच्या अलीकडे एक हात. बोटं लावली असती तरी गोल झाला असता. पण फुटबॉलमध्ये हात चालत नाही म्हणे.

काशिनाथ आला, चेंडू माझ्या नाकासमोरून उचलल्यासारखा घेऊन गेला, आणि पलीकडे तिसरा गोल झाला. त्यातच खेळ संपला.

वरसाव्याचे आमचा चहा पिऊन गेले. धोंडू तेवढा जाताना म्हणाला, "भात बरं झालं यंदा." भला माणूस.

दत्तूनं चेंडू आणून माझ्या हातात दिला आणि तो घरी गेला. शब्द म्हणजे शब्द.

चिखलात रुतलेला बूट तोवर उधाणाच्या पाण्यानं आणखी खाली गेला होता, तो मी कोपरापर्यंत हात घालून काढला. अनवाणी गेलो, बोटं फाकवून, टाच आधी उचलून. एक पाऊल चुकलं नाही. बांधावरून कुणीतरी म्हणालं पण, "चिखलात बघा कसा चालतो! राजा!"

संध्याकाळी विहिरीवर बसून मी काडीनं खुंट्यांमधला गाळ काढत होतो. जानकीवयनी कळशी घेऊन आली. आज ती हसेल म्हणून मी मान वर केलीच नाही.

"वयनी," मी विचारलं, "माझं निवडणंच चुकलं का?"

तिनं कळशी खाली ठेवली.

"न्हाय रं नाम्या. बूट लय चांगलं निवडलंस. बांधावर बसल्या बसल्या दोन गोल करून दिलं त्यांनी. चांगलं खेळत होतं की रं बिचारं! तू कशाला जाऊन त्यांच्यात पाय घातलास?"